टाकीला तळच नव्हता

पावसाळ्याच्या मध्यावर रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाडीवरून आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत एका खासगी विहिरीचा नमुना आला. ४८ तासांनी परीक्षानळ्यांमध्ये वायू धरला, म्हणजे पाण्यात मैल्यातील जंतू असण्याची खूण मिळाली, आणि अहवालात ‘पिण्यास अयोग्य’ असे लिहावे लागले. पाणी दिसायला नितळ आणि चवीला गोड होते, तरीही त्या घरातील लहान मुलांना वरचेवर जुलाब होत होते. विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, नियमित पडत होती. मात्र पाण्यात क्लोरीन उरला असेल तर पिवळा रंग दाखवणारी ओटी चाचणी सकाळी पिवळी, तर संध्याकाळी कोरी यायची. क्लोरीन इतक्या लवकर संपतो, याचा अर्थ घाण कुठून तरी सतत झिरपत आहे, म्हणून आरोग्यसेवकांना सोबत घेऊन मी त्या घरी गेले.

“मॅडम, आधी वरच्यांचा गोठा बघा,” घरमालक काका म्हणाले. स्वतःच्या शौचालयाविषयी ते निश्चिंत होते, कारण पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा किमान १८ मीटर दूर हवा हे भारतीय मानक त्यांना ठाऊक होते आणि त्यांची सेप्टिक टाकी त्याहूनही लांब, पण विहिरीच्या वरच्या अंगाला होती. टेप लावून मोजले तेव्हा अंतर बरोबरच निघाले. मग टाकी शेवटची कधी उपसली, असे मी विचारले. “घर बांधल्यापासून कधी भरलीच नाही,” असे त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले, आणि मला काळजी वाटली ती याच उत्तराने.

सेप्टिक टाकीत मैला तळाशी बसतो, तवंग वर राहतो आणि मधले पाणी बाहेर पडते. ते शुद्ध झालेले नसते, जंतूंनी भरलेलेच असते. तळाचा गाळ साधारण दोन-तीन वर्षांनी काढावा लागतो. जी टाकी वर्षानुवर्षे भरतच नाही, ती गळते आहे असेच समजावे. झाकण काढून बांबू आत सोडला तेव्हा तो थेट जांभ्यावर टेकला. चिऱ्यांच्या चार भिंती होत्या, पण आतून गिलावा नव्हता आणि पाणी आपोआप जिरावे म्हणून गवंड्याने तळच घातला नव्हता. आपल्याकडे अशा टाक्या अजूनही सर्रास बांधल्या जातात, याचे मला फार वाईट वाटते. मातीच्या थरात जंतू अडकतात आणि मरतात. जांभ्याच्या पोकळ्यांतून मात्र पाणी न गाळता पुढे धावते. पावसाळ्यात भूजल वर चढले की ते टाकीच्या तळालाच भिडते, आणि मग १८ मीटरचा नियम पुरेसा ठरत नाही.

काकांना तरीही पटेना. तेव्हा विहिरीचा एक नमुना बाजूला ठेवून त्या संध्याकाळी शौचालयात फ्लुओरेसिन हा रंग ओतला आणि वर बादल्यांनी पाणी सोडले. दुसऱ्या दिवशी विहिरीतून काढलेले पाणी अतिनील दिव्याखाली हिरवे चमकले. आदल्या दिवशीच्या नमुन्यात तशी चमक नव्हती. काका बराच वेळ दोन्ही बाटल्या पाहत राहिले आणि मग टाकी बांधायला किती खर्च येईल, एवढेच त्यांनी विचारले.

तोपर्यंत पाणी उकळूनच प्यायचे, असे घरातल्या आजींना बजावले. पाऊस ओसरल्यावर टाकी उपसून तिला काँक्रीटचा तळ, आतून गिलावा आणि मध्ये आडभिंत घातली, शोषखड्डा विहिरीच्या उताराखाली दूर नेला आणि विहीर उपसून तिचे निर्जंतुकीकरण केले. दिवाळीनंतरचा नमुना स्वच्छ आला, परंतु तेव्हा भूजल खाली गेलेले असते. म्हणून येत्या जुलैत पुन्हा नमुना पाठवायला मी काकांना सांगितले आहे, आणि वरच्या शेजाऱ्यांनीही आपली टाकी उघडून पाहायचे ठरवले आहे.