बंद पडलेली रिंक वाचायची कुठून

सोमवार, रात्री

बंद पडलेल्या रोलर स्केटिंग रिंकचा इतिहास लिहायला घेतला की आधी दोन तारखा शोधल्या जातात, सुरू कधी झाली आणि बंद कधी पडली. तारखा हव्यातच. पण त्या जुन्या वर्तमानपत्रात, कराच्या पावतीवर, परवान्याच्या नोंदवहीत कुठेतरी टिकून असतात आणि इमारत पाडल्यावरही सापडतात. सापडणार नाही ते पायाखालचं फ्लोअर. म्हणून माझं मत ठाम आहे: कागदपत्रांच्या आधी फ्लोअर पाहावं, तेही लवकर.

घाईचं कारण लाकडातच आहे. चांगल्या रिंकचं फ्लोअर हार्ड मेपल या कडक लाकडाच्या अरुंद पट्ट्यांचं असतं. पट्टी साधारण ३८ किंवा ५७ मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर जाड; एकीच्या कडेची जीभ शेजारणीच्या खाचेत बसवलेली. मेपल दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि ही हालचाल पट्टीच्या लांबीत नाही, रुंदीत होते. लाकडातला ओलावा १ टक्क्याने वाढला की रुंदी साधारण ०.३५ टक्क्यांनी वाढते. म्हणजे २० मीटर रुंद फ्लोअरमध्ये ओलावा ३ टक्क्यांनी वाढला, तर कागदावरचा हिशेब जवळपास २०० मिलिमीटरचा होतो. त्यातलं बरंचसं खिळे आणि सांधे गिळून टाकतात, उरलेल्यासाठी भिंतीपाशी ५० मिलिमीटरच्या आसपास फट सोडलेली असते. रिंक चालू असताना हीटर, पंखे, वातानुकूलन यांनी हवेतली आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांत राखली जाते, तोवर ही फट पुरते. कुलूप लागलं, वीज तोडली, छपराला एक गळती लागली की ती पुरत नाही. आधी पट्ट्यांच्या कडा वर येतात आणि मधला भाग खोलगट होतो. मग फ्लोअर भिंतीला रेटतं, आणि पुढे जायला जागा नसल्यामुळे मधूनच उचललं जातं. एकच दमट मोसम पुरतो.

दुसरा धोका माणसांचा. जुन्या मेपलला गिऱ्हाईक असतं. टेबलं, बार काउंटर, भिंतीचं लाकूडकाम यांसाठी ते उखडून नेतात, आणि पट्ट्या एकदा ढिगात पडल्या की त्यांची मांडणी कशी होती हे कुणी सांगू शकत नाही.

मंगळवार

मांडणी का महत्त्वाची, ते आज नीट लिहून ठेवते. रिंकवर सगळे एकाच दिशेने फिरतात, बहुतेक ठिकाणी घड्याळाच्या काट्यांच्या उलट. चाक लाकडाच्या रेषेबरोबर धावलं तर आवाज कमी होतो, थरथर कमी होते आणि सांधेही कमी झिजतात. आडवं धावलं तर प्रत्येक सांध्यावर टक्कर. सरळ, एकाच दिशेने घातलेल्या पट्ट्या स्वस्त पडतात, पण त्यात चारांपैकी दोन बाजूंना चाकं आडवीच जातात. त्यापेक्षा खर्चिक पद्धतीत चारही बाजूंच्या पट्ट्या भिंतीला समांतर घालून कोपऱ्यात ४५ अंशांत जोडतात. सर्वांत कष्टाची पद्धत रोटुंडा. तिच्यात दोन्ही टोकांना पट्ट्याच वळणाने फिरवलेल्या असतात, त्यामुळे स्केटरला पूर्ण फेरीत रेषा ओलांडावी लागत नाही.

यावरून मालकाचा हेतू कळतो. रोटुंडा घालणारा माणूस कायमची रिंक उभारत होता. सरळ पट्ट्या दिसल्या तर ती जागा आधी नाचाचा हॉल किंवा व्यायामशाळा होती का, हे तपासावं. निव्वळ काँक्रीट, डांबर किंवा मोझॅकसारखी घोटलेली फरशी असेल तर प्रश्न पुन्हा वेगळे.

नोंदीची पद्धत अशी. दोन लांब भिंतींचा आधार घेऊन टेपने त्रिकोण मोजावेत, कारण जुन्या हॉलचे कोपरे काटकोनात असतीलच असं नाही. प्रत्येक कोपऱ्यातला सांधा वरून, सरळ खाली कॅमेरा धरून टिपावा. मग दिवे बंद करून जमिनीलगत आडवा टॉर्च लावावा. कडा वर आल्या असतील, जुन्या खांबाची जागा बुजवली असेल, मधे ठिगळ घातलं असेल, ते सगळं सावलीत उठून दिसतं. नुसत्या फ्लॅशच्या फोटोत यातलं काहीच येत नाही.

फ्लोअर किती वेळा घासून नवं केलं, तेही मोजता येतं. २० मिलिमीटरच्या पट्टीत जिभेच्या वर सुमारे ६ मिलिमीटर लाकूड असतं आणि पूर्ण घासणीत प्रत्येक वेळी जेमतेम ०.८ मिलिमीटर जातं. दाराच्या उंबऱ्यापाशी किंवा हवेच्या जाळीपाशी पट्टीची कड उघडी सापडते. तिथे उरलेली जाडी मोजा. खिळ्यांची डोकी वर दिसू लागली असतील तर त्या फ्लोअरचं आयुष्य रिंकच्या आधीच संपलं होतं, आणि नवं घालायला पैसे नव्हते हा तर्क करायला जागा आहे. स्वतः मात्र घासून पाहू नये. जुन्या रंगात शिसं आणि फ्लोअरखालच्या थरांत किंवा टाइल्समध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

गुरुवार

फ्लोअर आणि चाक वेगळं काढून समजत नाही. जेम्स प्लिम्प्टन यांनी १८६३ मध्ये चार चाकांच्या स्केटचं पेटंट घेतलं. पायाखालची पट्टी आणि चाकांच्या जोड्या यांच्यामध्ये त्यांनी रबर घातलं. त्यामुळे अंग कलवलं की चाकं आपोआप वळू लागली. याआधीचे स्केट जेमतेम सरळ जायचे. वळण शक्य झालं म्हणून गोल फिरायच्या रिंकला अर्थ आला. १८६६ मध्ये त्यांनीच अमेरिकेतल्या न्यूपोर्टमधल्या एका हॉटेलच्या भोजनगृहात रिंक सुरू केली. १८८४ मध्ये लेव्हंट रिचर्डसन यांचं स्टीलच्या गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट आलं आणि तेवढ्याच जोरात माणूस कितीतरी लांब जाऊ लागला.

त्या काळची चाकं लाकडाची किंवा धातूची, पुढे दाबून घट्ट केलेल्या मिश्रणाची, ज्यांना स्केटर ‘क्ले’ म्हणतात. अशी कडक चाकं उघड्या मेपलवर घसरतात. म्हणून फ्लोअरवर राळेची पूड टाकायचे. पकड मिळायची, पण चाकांखाली राळ आणि लाकूड दोन्ही दळली जायची आणि हॉलभर धूळ तरंगायची. जुन्या रिंकच्या तुळयांवर बोट फिरवलं की पिवळट, किंचित चिकट थर लागतो तो याचाच. चिमूटभर डबीत घेऊन जागा लिहून ठेवावी. नंतर प्लास्टिकचं कोटिंग आलं, १९७० च्या दशकात पॉलियुरेथेनची चाकं आली, आणि पूड संपली. आता पकड चाकाच्या कडकपणावर ठरते. तो ‘ए’ मापात सांगतात, आकडा मोठा तेवढं चाक कडक: बंद हॉलसाठी साधारण ९२ए ते १०१ए, रस्त्यासाठी ७८ए ते ८२ए. कोटिंग गुळगुळीत असेल तर थोडं मऊ चाक लागतं, चिकट असेल तर कडक. भाड्याच्या स्केटच्या चाकांवर छापलेला आकडा पाहिला तर शेवटच्या काळातलं कोटिंग कसं होतं, याचा अंदाज बांधता येतो.

स्केट द्यायच्या खोलीत एवढं जरूर पाहावं. बुटाला किल्लीने आवळायचे लोखंडी स्केट आहेत, की बूट जोडलेले? चाकात सुट्या गोळ्या आहेत, की २२ मिलिमीटर व्यासाचं बंद बेअरिंग? क्वाडच्या, म्हणजे चार चाकांच्या स्केटच्या, एका जोडीला ८ चाकं आणि १६ बेअरिंगं लागतात, त्यामुळे सुट्या भागांच्या खोक्यांवरून दुरुस्ती किती चालायची ते समजतं. टाचेवर रंगवलेले मापाचे आकडे मापवार मोजावेत. सगळ्यात नव्या जोड्या लहान मुलांच्या मापाच्या असतील, तर शेवटी शेवटी धंदा वाढदिवसांच्या पार्ट्यांवर चालला होता असं धरायला हरकत नाही. स्केट ठेवायच्या कप्प्यांची एकूण संख्या फ्लोअरच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहावी. अमेरिकी इमारत-नियमांत रिंकवर माणशी ५० चौरस फूट धरतात, म्हणजे १०,००० चौरस फुटांवर २०० माणसं. कप्पे त्याहून फार जास्त असतील तर गर्दीचे दिवस कसे होते, हे वेगळं विचारायला नको.

रविवार

संगीताबद्दल थोडक्यात. १९३५ मध्ये विजेवर चालणारा हॅमंड ऑर्गन बाजारात आला आणि बऱ्याच रिंकनी तो घेतला. वादकाचा मंच कुठे होता ते बहुधा भिंतीवरच्या वायरिंगवरून सापडतं. रेकॉर्डच्या पाकिटांवर ९२, १००, १०८ असे आकडे असतील तर ते मिनिटाला पडणारे ठोके आहेत: फॉक्सट्रॉटला ९२, टँगोला १००, वॉल्ट्झला १०८. म्हणजे तिथे लोक नुसते फिरत नव्हते, नृत्याचं स्केटिंग शिकत होते. असे आकडे कुठेच नसणं हीसुद्धा नोंद आहे. दिव्यांची पाटीही उतरवायच्या आधी टिपावी. ‘सगळे’, ‘फक्त जोड्या’, ‘उलट दिशा’ अशा तिच्या खणांत संध्याकाळचा सगळा क्रम असतो.

ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते म्हणजे आठवड्याचं वेळापत्रक. ते केवळ वेळा सांगत नाही, आत कुणाला सोडत होते हे सांगतं. अमेरिकेत कितीतरी रिंकनी काळ्या लोकांना दारातूनच परत पाठवलं किंवा आठवड्यातली एखादीच रात्र दिली. काहींनी ‘खाजगी क्लब’ असल्याचं सांगून कायदा टाळला. शिकागोच्या व्हाइट सिटी रिंकसमोर १९४६ मध्ये वांशिक समतेसाठी लढणाऱ्या कोअर या संघटनेने याविरुद्ध निदर्शनं केली. काळ्या लोकांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चासाठी लेजर स्मिथ शिकागोहून स्केटवरून निघाले आणि सुमारे ६८५ मैल कापून पोचले, ते याच काळात. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनची एम्पायर रिंक १९४१ मध्ये उघडली आणि २००७ मध्ये बंद झाली. रोलर डिस्कोच्या, म्हणजे डिस्को संगीतावरच्या स्केटिंगच्या, घडणीत तिचं नाव आधी घेतात, ते तिथे जमणाऱ्या काळ्या स्केटरांमुळे. ‘डिस्कोची लाट आली आणि गेली’ एवढंच लिहिलं तर ही माणसं त्या इतिहासातून पुसली जातात, आणि ते मला मान्य नाही.

म्हणून जाहिराती, तिकिटं आणि पत्रकं वर्षवार लावावीत आणि प्रत्येक रात्रीपुढे चार गोष्टी लिहाव्यात: वार, कुणासाठी, कोणतं संगीत, किती फी. एखादी रात्र नावानिशी अचानक सुरू झाली किंवा गायब झाली, तर त्याच महिन्याचं स्थानिक वर्तमानपत्र काढून पाहावं. आठवणी विचारताना ‘मजा यायची का’ असं विचारू नये. ‘तुम्ही कोणत्या वारी जायचात, आणि इतर वारी का नाही’ हे विचारावं. उत्तर देणाऱ्याचं वय आणि साल त्याच कागदावर लिहावं, नाहीतर दहा वर्षांच्या अंतराने बदललेले दोन नियम एकाच काळातले समजले जातात.