सोयाबीनची पानं, ज्वारीचे धांडे

मुलीच्या शाळेतून व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला: 'ऑटम क्राफ्ट. लाल-केशरी गळलेली पानं चार्टवर चिकटवून आणा.' नवरात्र नुकतंच बसलं होतं. मी अंगणात उभी राहून चहूकडे पाहिलं. कडुनिंब हिरवा, साग हिरवा, धुऱ्यावरचा पळस तर पाऊस पिऊन माजलेला. आमच्या दारव्हा तालुक्यात साग झडायचा तर थंडी पडावी लागते. आता झाडाला काय सांगू, मॅडमनी मागितलंय, लाल हो?

सुचलं ते लेकीलाच. "आई, आपलं सोयाबीन पिवळं पडून राह्यलं ना!"

खरंच की. सोयाबीन सोंगणीला आलं की पान आधी पिवळं पडतं, मग झडतं आणि शेवटी नुसत्या शेंगा लटकलेली काडी उरते. धाकट्याला घेऊन तिघं वावरात गेलो अन् ओंजळभर पानं वेचली. तशीच ठेवली तर तासाभरात चुरगळतात, म्हणून जुन्या वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून वर पाटा ठेवला, दोन दिवस. डिंक बाभळीचा, रात्री वाटीत भिजवलेला. लाल रंगासाठी हळदीत ओला चुना कालवला. धाकट्याला ती जादूच वाटली, पिवळ्याचं लाल झालेलं पाहून त्यानं स्वतःचं नाकही रंगवलं. कार्डशीटचे दहा रुपये, एवढाच खर्च.

कपाशीत मात्र पोरांना जाऊ दिलं नाही. वेचून रिकामी झालेली बोंडं फुलासारखी उमललेली असतात, लेकीला ती हवी होती. पण आठवड्यापूर्वीच फवारणी झाली होती. 2017 मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, तेव्हापासून या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. बोंडं दिवाळीनंतर, तीही धुऊन.

चार्ट गेला शाळेत. हात मात्र सुटले होते, मग म्हटलं यंदा भुलाबाईही, म्हणजे आमच्याकडची मातीची पार्वती अन् तिचा भुलोजी शंकर, घरीच करू. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर बसवायची ती, पण आता तेवढी उसंत कुणाला? आम्ही शेवटचे पाच दिवस बसवतो. वावरातली काळी माती आणली, मळली, भुलाबाई-भुलोजी दोघं केले, सपरीत वाळत ठेवले. सकाळी पाहते तर भुलोजीचं डोकं वेगळं आणि भुलाबाईच्या पोटाला ही एवढी भेग! आमची माती अशीच. पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते, उन्हाळ्यात वावरातल्या भेगांत हात जातो.

सासूबाई बाजेवरून सारं पाहत होत्या. "कायी माती फुटतेच व बाई. पांढरी आन, अन् त्यात कापूस घाल."

पांढरी म्हणजे पडक्या घरांच्या भिंतींची, जुन्या गावठाणातली माती. ती चाळली, मागच्या वर्षीच्या उशीतला कापूस पिंजून त्यात मळला, दोघं पुन्हा केले आणि उन्हात न ठेवता ओल्या फडक्याखाली सावलीत वाळवले. एक भेग नाही. वर गेरूचा हात, डोळ्यांना काजळ. भुलोजीच्या मिशा धाकट्यानं काढल्या, एक वर, एक खाली. तशाच राहू दिल्या.

मखराला ज्वारीचे पाच धांडे लागतात, आमच्याकडे पाचच. आणि इथं खरी पंचाईत झाली. आमच्या शिवारात ज्वारी पेरतो कोण? सोयाबीन आलं, त्यात रानडुकरं कणीस उभं राहू देत नाहीत. लहानपणी घरामागं कडब्याची गंजी असायची, त्यावरून घसरगुंडी खेळायचो. आता पाच धांड्यांसाठी दोन गावं फिरले. शेवटी गुरांसाठी चार ओळी ज्वारी राखलेल्या एका काकांनी दहा-बारा दिले, पैसे घेतले नाहीत.

उरलेल्या धांड्यांची मी बैलगाडी करून दाखवली. साल नखानं सोलायची, आतला भेंड मऊ पांढरा निघतो, त्याचे तुकडे करून बाभळीच्या काट्यांनी जोडायचे. साल सोलताना मीच बोलत बसले आणि बोट कापून घेतलं. ती ब्लेडसारखी असते, हे पोरांना सांगता सांगताच. चाकं भेंडाच्या चकत्यांची, बैलांची शिंगं सालीची. हात विसरले नव्हते, याचं मलाच नवल वाटलं.

कोजागिरीला शेजारच्या पोरी आल्या, गाणी झाली. खिरापतीचा डबा कानाशी हलवून ओळखायचं असतं. मी मुद्दाम शिरा ठेवला होता, त्याचा आवाजच येत नाही. वीस मिनिटं कुणाला ओळखता आलं नाही, शेवटी धाकट्यानंच फोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात रडारड. रात्री बाहेर राहिलेली बैलगाडी शेळीनं बैलांसकट खाल्ली होती. बाभळीचे काटे तेवढे खाली पडलेले, सगळे शाबूत. धाकट्यानं ते मोजून डबीत भरले आणि छपराला खोचलेल्या शेवटच्या दोन धांड्यांकडे बोट दाखवलं.