रडारच्या खालचं आभाळ

नॉर्मन, ओक्लाहोमा. एप्रिलअखेरचा शनिवार, रात्री उशिरा.

आज दुपारी बाराचा भोंगा वाजला नाही. इथे दर शनिवारी भर दुपारी टोर्नेडोच्या भोंग्यांची चाचणी होते, पण वादळाची खरी शक्यता असेल त्या दिवशी ती रद्द करतात, नाहीतर लोकांचा गोंधळ उडेल. त्यामुळे शनिवारी बाराला शांतता असली की गावातली जुनी माणसं एकदा पश्चिमेकडे बघून घेतात. शेजारचे आजोबा अंगणातल्या जमिनीखालच्या शेल्टरचं दार उघडून आत साचलेलं पाणी उपसत होते. मला म्हणाले, आज सगळं एकत्र आलंय. त्यांनी १९९९चा तीन मेचा टोर्नेडो पाहिला आहे, त्यामुळे ते असं उगाच म्हणत नाहीत.

सकाळी आठचा अंदाज आला तेव्हाच पोटात गोळा आला होता. वादळांचा अंदाज देणारं देशाचं केंद्र आमच्याच गावात आहे. धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी चौथीवर आज आमचा भाग होता. पण मला नुसता नकाशावरचा रंग पुरत नाही. सकाळी इथून हवामानाचा फुगा सोडतात, त्याने वर जाताजाता मोजलेला आलेख मी चहा घेतानाच उघडते. आज खालच्या थरात मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा, दवबिंदू, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचं माप, वीस अंशांच्या घरात. त्याच्यावर दीड-दोन किलोमीटरला नैऋत्येच्या पठारांवरून सरकलेला गरम, कोरडा थर. या थराला इथे कॅप म्हणतात, म्हणजे झाकण. ते नसेल तर दुपारी बारालाच जिकडेतिकडे ढग फुटतात, पाऊस पडतो आणि हवेतली ऊर्जा विखरून जाते. झाकण असलं की ऊर्जा खाली कोंडून राहते, आणि संध्याकाळी एखाद-दुसऱ्या जागी जेव्हा ते तुटतं तेव्हा तिथला ढग दहा-पंधरा किलोमीटर वर चढतो.

आणि वाऱ्याचं काय? जमिनीलगत आग्नेयेचा, थोडं वर दक्षिणेचा, त्याच्याही वर नैऋत्य-पश्चिमेचा, आणि उंचीबरोबर जोर वाढत गेलेला. अशा हवेत आडवी फिरकी तयार असते. वर चढणारा प्रवाह तिला उचलून उभी करतो, मग अख्खा ढगच फिरायला लागतो. तो सुपरसेल. बहुतेक सुपरसेलमधून टोर्नेडो होत नाही. का होत नाही, याचं पूर्ण उत्तर आयुष्यभर याच कामात असलेल्या संशोधकांकडेही अजून नाही, आणि मला या विषयाची ओढ लागली ती इथेच.

सकाळी दादाचा फोन आला, तिकडे संध्याकाळ झाली होती. "काय गं, आज तुमच्याकडं पण आभाळ आलंय का?" औशाकडे दोन दिवस वळवाचं वातावरण होतं. दादा शेतात जाताना फोनवर दामिनी बघतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने काढलेलं हे विजेचा इशारा देणारं ॲप आता त्याच्या गड्यांकडेही आहे. मी म्हटलं, आलंय, आणि आम्ही बघायला जाणार आहोत. तो क्षणभर गप्प बसला. "जपून जा गं. पोरीला संगं नेऊ नको." २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा काढणीला आलेली आमची ज्वारी शेतातच झोपली होती. आमच्या घरात गार हा कौतुकाचा विषय नाही, आणि दादाच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ मला बरोबर कळतो.

मुलीला मैत्रिणीकडे सोडलं, त्यांच्या घरात शेल्टर आहे म्हणून. नवरा गाडी चालवतो, मी आभाळ बघते. एकट्याने जायचं नाही, अंधार पडला की परतायचं आणि दक्षिणेकडे निघायला मोकळा रस्ता असल्याशिवाय कुठेही थांबायचं नाही, हे आमचे ठरलेले नियम. इथलं हवामान कार्यालय सामान्य लोकांना वादळ कसं ओळखायचं आणि कसं कळवायचं याचा वर्ग मोफत घेतं. आम्ही दोघांनी तो केला आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण फोनवरची छायाचित्रं बघून ओळखीच्यांना वाटतं आम्ही वादळामागे धावतो. आम्ही धावत नाही. एका जागी थांबतो, बघतो आणि कळवतो.

कळवायचं कशासाठी, रडार आहे ना, असं मला खूप जण विचारतात. रडारचा सगळ्यात खालचा किरणसुद्धा अर्धा अंश वर रोखलेला असतो, त्यात जमीन गोल. शंभर किलोमीटरवर तो किरण जमिनीपासून जवळजवळ दीड किलोमीटर उंचीवर असतो. ढगातली फिरकी त्याला दिसते, तिच्याखाली जमिनीपर्यंत काय चाललं आहे ते दिसत नाही. हवेत उडालेले पत्रे, लाकडं, फांद्या आता रडारवर ओळखू येतात, पण ते दिसेपर्यंत कुणाचं तरी छप्पर गेलेलं असतं. मधली जागा माणसाच्या डोळ्यांनीच भरायची.

चारच्या सुमारास चिकाशाच्या पश्चिमेला एका उंचवट्यावर थांबलो. दोन्ही बाजूंना गहू, ओंब्या नुकत्या बाहेर पडलेल्या. पश्चिमेला एक ढग इतका भराभर वर चढत होता की त्याच्या कडा डोळ्यांदेखत बदलत होत्या. तासाभरात त्याचा तळ आमच्यासमोर होता, सपाट आणि काळानिळा, उत्तरेकडे पावसाचा पांढरा पडदा. आणि पावसाच्या दक्षिणेला, तळाखाली उतरलेला ढगाचा ठोकळा. वॉल क्लाउड. त्याच्या खालची चिंध्यांसारखी ढगुली जमिनीकडून वर ओढली जात होती. गव्हाच्या सगळ्या ओंब्या वादळाच्या दिशेने झुकलेल्या, म्हणजे वादळ आमच्या पाठीमागची उबदार हवा ओढून घेत होतं. मी एका खांबाच्या शेंड्यावर नजर ठेवून ठोकळ्याची हालचाल बघितली. सावकाश, पण नक्की फिरत होता. हवामान कार्यालयाला फोन केला: आमची जागा, दिशा, अंदाजे अंतर, वॉल क्लाउड, मंद फिरकी, ढगातून खाली उतरणारं नरसाळं नाही.

नंतरची दहा-बारा मिनिटं मी श्वास रोखून होते. मग ओंब्या एकदम सरळ झाल्या आणि उलट्या बाजूला झुकल्या. मानेला गार वारा लागला, ओल्या मातीचा वास आला. वादळातली पावसाने थंड झालेली हवा पुढे येऊन खालून घुसली होती. ठोकळा विस्कटला, फिरकी गेली. दुसरा फोन केला: गार वारा बाहेर पडतोय, फिरकी दिसत नाही, टोर्नेडो नाही.

हा दुसरा फोन मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. "काही दिसत नाही" हे कळवायला लोक संकोचतात, त्यांना वाटतं त्यात काय सांगायचं. पण इशारा देणाऱ्या माणसासमोर रडारवरच्या चार फिरक्या असतात. त्यातली एक निवळली हे कुणीतरी जागेवरून सांगितलं, तर त्याची नजर उरलेल्या तिघींकडे जाते. आमच्या फोनने आज काही ठरलं असं मी म्हणत नाही. पण २० मे २०१३ला मूर इथे टोर्नेडो जमिनीला टेकायच्या १६ मिनिटं आधी इशारा गेला होता. त्या दिवशी २४ माणसं गेली, त्यांत एकाच शाळेतली सात मुलं. मूर आमच्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर आहे. हाताशी मिनिटं एवढीच असतील तर अंदाज देणाऱ्याचं एक मिनिटही चुकीच्या ढगावर जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर अकराच दिवसांनी एल रेनोचा टोर्नेडो झाला. रुंदी ४.२ किलोमीटर. त्यात टोर्नेडोचा अभ्यास करणारे टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गेले. समारस उतावळे म्हणून नव्हे, सावध म्हणून ओळखले जायचे. टोर्नेडोने अचानक दिशा बदलली आणि तो फुगला. एल रेनो आजच्या आमच्या जागेपासून फार लांब नाही, आणि त्या बाजूला गेलं की आमचं गाडीतलं बोलणं आपोआप कमी होतं.

परतताना निनेकाहजवळ गारा लागल्या. पेट्रोल पंपाच्या छपराखाली गाडी घेतली, थांबल्यावर एक गार उचलून मुलीच्या कंपासातल्या पट्टीवर ठेवली. साडेचार सेंटिमीटर. फोडली तर आत दुधी आणि पारदर्शक थर, एकाआड एक, ढगातल्या कमी-जास्त पाण्याच्या भागांतून जाताना गोठलेले. वेळ आणि आकार कळवला. अंदाजे आकार सांगितला की तो हमखास मोठा सांगितला जातो, म्हणून पट्टी गाडीतच असते.

घरी आल्यावर बंगालच्या कालबैसाखीचं, म्हणजे तिकडच्या वळवाच्या वादळांचं, वाचत बसले. २६ एप्रिल १९८९ला बांगलादेशात दौलतपूर-साटुरिया भागात टोर्नेडो झाला, सुमारे १३०० माणसं गेली. एका टोर्नेडोत गेलेल्यांचा जगातला हा सगळ्यात मोठा आकडा. तिथेही तेच असतं, समुद्रावरची दमट हवा आणि तिच्यावर पठारावरून आलेला कोरडा थर. ढगांचं शास्त्र इथे आणि तिथे एकच आहे. इथे मात्र टिंकरच्या हवाई तळावर फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांनी २५ मार्च १९४८ला टोर्नेडोचा पहिला यशस्वी अंदाज दिला, त्यामागे हळूहळू रडार आलं, शेल्टर आले, फोन करणारी माणसं आली.

दादाला पट्टीवरच्या गारेचा फोटो पाठवला आणि सोबत लिहिलं: पुढच्या वेळी गार पडली की आधी स्वतः आडोशाला जा. थांबली की सगळ्यात मोठी गार उचल, पट्टी लावून फोटो काढ, वेळ लिही, वारा कुठून होता ते लिही. गड्यांनाही सांग. पंचनाम्याला येणाऱ्यांनाही दाखव.

त्याचं उत्तर आलं: "पट्टी नाही, टेप आहे. चालंल का?"

चालेल म्हणून कळवलं. उद्याही धोका आहे, पण पूर्वेला, अर्कान्सासकडे.