आमची वाटचाल : सेल, वाफ आणि अडकलेलं बिल

भोसरीतल्या भाड्याच्या गाळ्यात, जुन्या लेथवर आम्ही आय.आर.चे (इन्फ्रारेड प्रकाशाने तपासणाऱ्या मशीनचे) गॅस सेल, म्हणजे वायू भरून त्यातून प्रकाश सोडायच्या काचेच्या नळ्या, बनवायला लागलो. पार्टनर बर्नरवर काच ओढायचा, टोकांच्या पारदर्शक खिडक्या मी बसवायचो. पुढची बरीच वर्षं सुरळीत गेली, त्यांचं काय सांगायचं?

मग एका पावसाळ्यात मोठ्या औषध कंपनीने अख्खा लॉट परत पाठवला. शेरा काय, तर 'सेल लीक, पाण्याची वाफ येते.' १४०० ते १९०० आणि ३५०० ते ३९०० वेव्हनंबरच्या (एका सेंटिमीटरमध्ये प्रकाशाच्या किती लहरी बसतात तो आकडा) पट्ट्यांत, मशीनच्या आलेखावर, कंगव्याच्या दातांसारख्या रेषा. आदल्याच आठवड्यात आमचा एक स्पर्धक तिथे चहा पिऊन आला होता, एवढंच सांगतो. बिल अडकलं, बँकेचे हप्ते थकले, पार्टनरने बायकोचे दागिने गहाण ठेवले.

धावून आले ते सर. आमचं पहिलं गिऱ्हाईक, एम.एस्सी.च्या पोरांकडून वाफेचा स्पेक्ट्रम, म्हणजे हाच शोषणाचा आलेख, काढून घेणारे. म्हणाले, "अरे, सेल बाहेर काढ आणि तसाच रन घे." कंपनीच्याच लॅबमध्ये, कंपनीच्याच माणसांसमोर घेतला. सेलचा पत्ता नाही, रेषा जागच्या जागी! कंपनीवाले बॅकग्राउंड, म्हणजे तुलनेसाठीची रिकाम्या मशीनची नोंद, सकाळी ए.सी.त घ्यायचे आणि सॅम्पल दुपारी, दार सताड उघडं टाकून. हवेतला नायट्रोजन, ऑक्सिजन आय.आर. शोषत नाही, वाफ शोषते. ओल वाढली की रेषा वर, कमी झाली की उलट्या खाली. यात सेलचा काय संबंध?

सरांचा १० सेंमीचा सेल अजून माझ्या कपाटात आहे. टेफ्लॉनचा कॉक, दोन्ही टोकांना कॅल्शियम फ्लोराइड. केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) स्वस्त पडतं, पण वाफेत धुरकट होतं. कॅल्शियम फ्लोराइड साधारण ११०० वेव्हनंबरच्या खाली प्रकाश अडवतं, पण वाफेचे तिन्ही मूळ बँड (शोषणाचे पट्टे), १५९५, ३६५७ आणि ३७५६, त्याच्या वरच आहेत. सर पाणी आधी गोठवून, व्हॅक्यूमवर त्यातली हवा काढायचे आणि मग काही टॉर (दाबाचं एकक) वाफ सेलमध्ये सोडायचे. गेजचा काटा भरल्या भरल्या उतरायला लागायचा, कारण काच वाफ धरून ठेवते. पोरं घाबरून कॉक आवळत सुटायची. सर म्हणायचे, "थांबा, काचेचं पोट भरू दे." काटा स्थिरावला की पुन्हा भरायची.

बिल दिवाळीनंतर आलं. व्याज नाही, 'चुकलं' हा शब्द तर नाहीच.

आता कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. ४ वेव्हनंबरच्या रिझोल्यूशनवर (मशीन किती बारीक फरक वेगळा दाखवतं ते; आकडा लहान तितकं बारीक) वाफेच्या रेषांची उंची मोजून प्रमाण काढू नका. खरी रेषा त्याहून कितीतरी अरुंद असते. मशीन ती पसरवून बुटकी दाखवतं आणि वाफ दुप्पट केली तरी उंची दुप्पट होत नाही. ०.५ वर जा. मशीनमधली ओली हवा हाकलायला सोडता त्या नायट्रोजनला साधी प्लास्टिकची नळी लावू नका, ओल आत झिरपते, स्टीलची लावा. ओल शोषणारं सिलिका जेल गुलाबी पडल्यावर ओव्हनमध्ये भाजायचं असतं, पुढच्या ऑडिटची वाट बघायची नसते. आणि मशीनचं सॅम्पल ठेवायचं कंपार्टमेंट उघडून आत तोंड घालून बोलू नका. तुमचा श्वास स्पेक्ट्रममध्ये येतो आणि शिव्या सेलवाल्याला बसतात.