आमची वाटचाल : गुऱ्हाळाच्या चरकापासून फाउंड्रीपर्यंत

तोडलेला ऊस थांबत नाही. दोन दिवस पडून राहिला की वाळतो, रस बिघडतो, मग कितीही आटवा, गुळाला कणी धरत नाही. आमची फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, कशी उभी राहिली असं कुणी विचारलं की मी इथूनच सुरुवात करतो.

आबा, म्हणजे माझे आजोबा, मूळचे लोहार. पंचगंगेच्या काठच्या गावात कुळव, नांगराचे फाळ, विळे-खुरपी हेच काम. दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली की रात्री-अपरात्री बोलावणं यायचं. चरकाचा बुश (आसाभोवतीची पितळी नळी) झिजलाय, लाट (ऊस पिळायचा रूळ) सरकलीय, दाता तुटलाय. काहिलीत रस, खाली चुलवाण पेटलेलं, बाहेर गाडीभर ऊस. सुटा भाग मुंबईहून मागवायचा तर आठवडा गेला. आबा कंदिलाच्या उजेडात कानशीनं पितळ घासून बुश बसवायचे आणि चरक फिरून रसाची धार लागेपर्यंत तिथून हलायचे नाहीत.

कोल्हापूरसारख्या शेतीच्या मुलखात कारखानदारी का रुजली, याची कारणं बरीच सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. 1891 साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली. 1895 साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली, 1906 साली सूत-कापडाच्या गिरणीचा पाया घातला आणि पुढं राधानगरीच्या धरणाचं काम हाती घेतलं. त्या पेठेमुळं गुळाला बाहेरचं गिऱ्हाईक मिळालं, शेतकऱ्याच्या हातात रोकड आली, आणि रोकड आली म्हणूनच तो लोखंडी चरक घेऊ शकला. ज्वारी-नाचणीवर भागवणाऱ्या गावात लोखंड विकत घेणार कोण?

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरणही आमच्याकडं प्रत्येक कारखानदाराला पाठ असतं. 1910 साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर त्यांनी कारखाना थाटला. माल कोणता, तर लोखंडी नांगर आणि कडबा कापायचं यंत्र. त्यांचं गिऱ्हाईकही शेतकरीच.

पण माझ्या मते या सगळ्यात दुरुस्तीला जेवढं श्रेय द्यायला हवं तेवढं कुणी देत नाही. कापूस गाठी बांधून ठेवता येतो, धान्य कणगीत राहतं. ऊस ठेवता येत नाही. म्हणून यंत्र दुरुस्त करणारा माणूस गावापासून काही कोसांवर असावाच लागला, आणि दुरुस्ती करणारे हातच पुढं यंत्रं बनवू लागले.

ही उडी पडली ती दुसऱ्या महायुद्धात. विहिरीवर मोटेऐवजी इंजिन लावायला बागायतदारांनी सुरुवात केली होती. इंजिनं विलायती. लढाईमुळं आयात अडली आणि सुटे भागही येईनात. मग इथल्या मिस्त्रींनी जुनी इंजिनं खोलली, एकेक भाग मोजला आणि ओतून बघितला. आबांनीही तेव्हा पहिल्यांदा ओतकाम केलं. झिजलेला भागच त्यांनी वाळूत दाबून साचा केला. ओतलेला भाग लहान आला, बसेचना. दुसराही तसाच. बिडाचं लोखंड थंड होताना जवळपास 1 टक्का आकसतं, तेवढा पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, मोठा करावा लागतो, हे त्यांना एका सुतारानं समजावलं. त्या सुतारानं सागवानात करून दिलेला पॅटर्न आजही आमच्या ऑफिसात आहे. कडा गुळगुळीत झाल्यात, वर आबांची तर्जनी टेकायची तिथं खळगा पडलाय.

स्वातंत्र्यानंतर उद्यमनगरात पत्र्याचं शेड, एक लेथ आणि एक छोटी क्युपोला, म्हणजे कोकवर बीड वितळवायची उभी भट्टी, एवढ्यावर आबांनी काम सुरू केलं. मिनिटाला 650 फेरे घेणाऱ्या, संथ धक्क्यांच्या ऑइल इंजिनांचे फ्लायव्हील आणि बॉडी आम्ही ओतायचो. मशिनिंग शेजारी, पिस्टन तिसऱ्याकडं, जोडणी चौथ्याकडं. एकट्याकडं पूर्ण इंजिन करण्याएवढं भांडवल नव्हतं, म्हणून गल्लीनं मिळून इंजिन केलं.

कोअर, म्हणजे ओतलेल्या भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा, बनवताना वाळूला चिकटपणा यावा म्हणून साखर कारखान्याची मळी घालायचे. ओव्हनमध्ये ती जळायला लागली की शेडभर करपलेल्या काकवीचा वास पसरायचा. लहानपणी शाळेतून येताना मला गुऱ्हाळ कुठलं आणि फाउंड्री कुठली हे वासावरून सांगता यायचं नाही.

पुढं गावोगाव वीज पोचली आणि विहिरींवर मोटारी बसल्या. इंजिनाची मागणी घटत गेली. दादांच्या, म्हणजे वडिलांच्या काळात सलग दोन वर्षं भट्टी आठवड्यातून एकदाच पेटायची. वीज नसती तर आमचं गिऱ्हाईक टिकलं असतं, पण विजेशिवाय आमची पुढची भट्टीही झाली नसती. दादांनी पंपांच्या केसिंग, म्हणजे बाहेरची कवचं, ओतायला घेतल्या, मग ट्रक-ट्रॅक्टरच्या ओतीव भागांची कामं. 1962 साली स्थापन झालेल्या एमआयडीसीमुळं शिरोली, गोकुळ शिरगावला जागा, पाणी, वीज मिळत होती. आम्हीही शिरोलीला गेलो. भांडवलाचं म्हणाल तर निम्मं सहकारी बँकेचं कर्ज आणि निम्मं आमच्या दीड एकर उसाचं बिल.

मी धंद्यात आलो तेव्हा पहिल्याच मोठ्या ऑर्डरीतला निम्मा माल परत आला. मशिनिंगनंतर पृष्ठभागाखाली ब्लो होल, म्हणजे वाफेनं पडलेली छिद्रं, निघाली. वाळूत ओल जास्त होती. आबा वाळू मुठीत दाबून, मोडून बघायचे आणि ओल सांगायचे. तो अंदाज माझ्यात नव्हता आणि कुणाला विचारायची बुद्धीही झाली नाही. त्या नुकसानीनंतर वाळू तपासायची छोटी प्रयोगशाळा केली. आज क्युपोलाच्या जागी विजेवरची इंडक्शन फर्नेस आहे, तरी साचे करणारे आमचे जुने मोल्डर आकडा बघायच्या आधी वाळू मुठीत दाबतातच. मी त्यांना अडवत नाही.

आमचे बहुतेक कामगार शेतकऱ्यांची मुलं. वाटण्या होत होत जमीन अर्ध्या-पाऊण एकरावर आली, तेवढ्यात घर चालत नाही. पण जमीन कुणी सोडलेली नाही. पहिल्या शिफ्टचा फर्नेस ऑपरेटर संध्याकाळी पाणी पाजायला जातो. शेतीपंपाची लाईट या आठवड्यात रात्रीची आहे, म्हणून चौघांनी शिफ्ट बदलून मागितलीय. एकाच्या शेतात उद्या उसाची तोड आलीय, त्याला तीन दिवस रजा हवी. सुपरवायझरनं यादी टेबलावर आणून ठेवलीय. तोडीवाल्याची रजा मी आधी मंजूर केली, बाकीचं बसून जुळवतो.