आसाकुसात झिगोमारच्या मागावर

टोकियोत आसाकुसाला येणारे बहुतेक प्रवासी कामिनारिमोनच्या लाल कंदिलाखाली फोटो काढतात, सेन्सोजी मंदिर बघतात आणि परत फिरतात. मी मात्र मंदिरापासून पश्चिमेला, रोक्कू या जुन्या करमणुकीच्या वस्तीकडे वळले. जपानचं पहिलं कायमस्वरूपी चित्रपटगृह, देन्किकान, १९०३ मध्ये इथेच सुरू झालं. आता पाचिंको या खेळयंत्रांचे अड्डे आहेत, दुकानं आहेत, राकुगो म्हणजे विनोदी कथाकथन रंगतं ते नाट्यगृहही आहे. पण चित्रपटगृह एकही नाही. उरलीसुरली २०१२ मध्ये बंद झाली.

मला ओढ होती झिगोमारची. फ्रेंच मूकपटातला हा दरोडेखोर वेषांतरात पटाईत. १९११ च्या नोव्हेंबरात तो इथल्या किन्‌र्यूकानमध्ये झळकला आणि लोकांनी अक्षरशः रांगा लावल्या. आपल्याकडे ‘राजा हरिश्चंद्र’ यायला अजून दीड वर्ष होतं! जपानी कंपन्यांनी लगोलग देशी झिगोमार काढले, पुस्तकं निघाली, पोरं गल्लीत चोर-पोलीस सोडून झिगोमार खेळू लागली. मुलं बिघडतात अशी ओरड वर्तमानपत्रांतून झाली आणि १९१२ च्या ऑक्टोबरात टोकियोच्या पोलिसांनी या चित्रपटांवर बंदी घातली.

या वेडात अर्धा वाटा बेन्शींचा होता असं मला वाटतं. पडद्याशेजारी उभं राहून चोराचा दरारा आणि गुप्तहेराची धाप, दोन्ही एकाच गळ्यातून काढणारे हे कथेकरी. कित्येक प्रेक्षक चित्रपटाचं नाव न बघता बेन्शीचं नाव बघून तिकीट काढत. सेन्सोजीच्या आवारात त्यांची स्मृतिशिला आहे, त्यावर नावं कोरलेली. तिच्यापाशी मी बराच वेळ थांबले, कारण त्यांचे आवाज गेले तसे चित्रपटही गेले. १९२३ चा भूकंप, युद्धातला बॉम्बवर्षाव आणि सहज पेट घेणारी नायट्रेट फिल्म यांत त्या काळातले बहुतेक जपानी मूकपट संपले. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मग गिंझा लाइनने थेट क्योबाशी. तिथल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात सातव्या मजल्यावर जपानी सिनेमाच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे. मूकपटांच्या काळासाठी तरी जाच. वाचलेल्या गुन्हेपटांत माझा आवडता म्हणजे दिग्दर्शक उचिदा तोमूचा ‘केइसात्सुकान’ (म्हणजे ‘पोलीस’), १९३३ चा. तरुण पोलिसाला संशय येतो तो स्वतःच्या जुन्या मित्राचा, आणि शेवटी रात्रीच्या अंधारात पाठलाग. पोलिसांनी चोराला पडद्यावरून हाकलल्यानंतर एकवीस वर्षांनी नायक झाला तो पोलीसच. त्याच वर्षीच्या दिग्दर्शक ओझूच्या मूकपटात अभिनेत्री तानाका किनुयो दिवसा टायपिस्ट आणि रात्री गुंडाची सखी आहे. बेन्शीसह होणारे खेळ टोकियोत आजही अधूनमधून लागतात. तारखा जुळल्या तर यांतला एखादा तसाच बघा.