आमची वाटचाल : बुलेटच्या गॅरेजपासून जुन्या हार्ले-इंडियनपर्यंत

कोल्हापुरात अमेरिकन मोटरसायकलींचं गॅरेज कसं काय, असं पुण्या-मुंबईचे लोक फोनवर विचारतात. उत्तर सोपं आहे, उद्यमनगर. वडिलांचं गॅरेज तिथेच एका बोळात, बुलेट, राजदूत, जावा, येझदी यांचं काम. आजूबाजूला लेथवाले, बोअरिंगवाले, पॅटर्न बनवणारे, गिअर कटिंगवाले, आणि फाउंड्री पाहिजे तर शिरोली एमआयडीसी जवळच. जी वस्तू बाजारात मिळत नाही ती करून घ्यायची सवय इथल्या माणसाला लहानपणापासूनच असते, आमच्याकडे नवीन पार्टची वाट बघत बसणं हा आळस समजतात.

आता या गाड्या भारतात आल्या कुठून? दुसऱ्या महायुद्धात हार्ले-डेव्हिडसनने सैन्यासाठी डब्ल्यूएलए नावाचं मॉडेल काढलं, कॅनडाच्या सैन्यासाठी त्याचाच भाऊ डब्ल्यूएलसी, दोन्ही मिळून जवळपास ९० हजार गाड्या झाल्या. इंडियन कंपनीने, म्हणजे स्प्रिंगफील्डची १९०१ ची कंपनी, नाव इंडियन असलं तरी आपला काही संबंध नाही, तिने ५०० सीसीचं ७४१ नावाचं मॉडेल काढलं. सैन्याबरोबर आलेल्या आणि युद्ध संपल्यावर इथेच राहिलेल्या गाड्या डिस्पोजलमध्ये लिलावात गेल्या. काही हौशी लोकांनी घेतल्या, काही संस्थानिकांच्या गाडीखान्यात गेल्या, आणि दिल्लीत तर त्यांच्या मागे सीटा जोडून फटफटी टॅक्सी झाल्या, त्या थेट १९९८ च्या आसपास प्रदूषणाच्या कारणाने बंद होईपर्यंत चालल्या. आपण म्हणतो आत्ताच्या गाड्या दहा वर्षांत खिळखिळ्या होतात, आणि या गाड्या बाया-बापड्यांनी भरलेलं ओझं ओढत पन्नास वर्षं पळाल्या राव.

आमच्याकडे पहिली डब्ल्यूएलए आली ती पोत्यांतून. एका गिऱ्हाईकाने इंजिन, टाकी, पुढचा स्प्रिंगर फोर्क (बाहेरून स्प्रिंगा दिसतात तो) असं वेगवेगळ्या ठिकाणाहून जमवलं होतं, फ्रेमचा मागचा भाग कापलेला, म्हणजे आधी फटफटीच असणार. वडील म्हणाले, इंजिन खोलून तर बघू. खोललं आणि आम्ही दोघंही गप्प. ४५ क्युबिक इंच म्हणजे साधारण ७४० सीसीचं व्ही-ट्विन, म्हणजे इंग्रजी व्हीसारखे दोन सिलेंडर, व्हॉल्व सगळे सिलेंडरच्या बाजूला, वर हेड म्हणजे नुसतं झाकण. इतकं साधं की काय बिघडणार यात, असं वाटतं, पण क्रँक उघडला की कळतं. दोन कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर, एक रॉड दुसऱ्याच्या बेचक्यात बसतो, मध्ये सुट्टे रोलर. पिन झिजली की ओव्हरसाइज रोलर घालून परत बसवायचं आणि दोन्ही फ्लायव्हील केसाएवढा फरक दाखवणारा डायल लावून, तांब्याच्या हातोडीने ठोकत ठोकत सेंटरला आणायचे. हे काम घाईत केलं तर गाडी चालू होते, पण चाळीसच्या पुढे हँडल हातात थरथरतं. त्या एका पिनमुळेच गाडीचा आवाज तसा लंगडत येतो, ४५ अंशाचं व्ही असल्याने दोन ठिणग्यांत अंतर सारखं पडत नाही, एकदा ३१५ अंश, एकदा ४०५. लोक म्हणतात ट्यूनिंग करून आवाज सरळ करा, अहो कसा करणार.

त्या गाडीने पैसे काही दिले नाहीत, हिशोब मांडला तर बुलेटचीच कामं त्या वेळात केली असती तर बरं झालं असतं. पण गाडी तयार होऊन रस्त्यावर दिसल्यावर चौकशा यायला लागल्या, आधी सांगली-बेळगावातून, मग पुणे, मग गोवा. गोव्यातून एक इंडियन आली तिचा ॲक्सिलरेटर डाव्या मुठीत, आमच्या पोराने सवयीने उजवी मूठ पिळली, नशीब गाडी स्टँडवर होती.

पार्टचं सांगतो कारण खरा धंदा तिथेच आहे. गॅस्केट, पिस्टन, रिंगा, केबली हे सगळं अमेरिकेत आणि युरोपात नवीन बनवून मिळतं, डब्ल्यूएलएचे वेडे तिकडे खूप आहेत. पण कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरली की पन्नास डॉलरच्या वस्तूचं काय होतं ते विचारू नका, आणि एकदा एका सप्लायरने व्हॉल्व गाइड पाठवले ते बसेचनात, परत पाठवायचा खर्च वस्तूपेक्षा जास्त. तेव्हापासून ठरवलं, जे इथे होतं ते इथेच करायचं. बुश, स्पिंडल, गाइड, ब्रॅकेट, फूटबोर्ड हे उद्यमनगरात होतं. आटे मात्र इंची, आणि त्यातही हार्लेचे काही आटे स्वतःच्याच मापाचे, त्यामुळे टॅप-डाय वेगळे ठेवावे लागतात. ब्रिटिश गाड्यांचे व्हिटवर्थ मापाचे पाने यांना चालत नाहीत, आमच्या भिंतीवर तीन जातीचे पाने तीन रंग लावून टांगलेत.

या हार्लेंना असलेल्या लिंकर्ट कंपनीच्या कार्बोरेटरचा वेगळा त्रास आहे. त्यातला मूळ फ्लोट बुचाचा, वरून शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात दिलेला. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते शेलॅक खाऊन टाकतं, मग बूच पेट्रोल पितं, जड होतं आणि कार्बोरेटर वाहायला लागतो. इथेनॉल न खाणारा फ्लोट टाकला की प्रश्न मिटला, पण लोक आधी सहा महिने जेट बदलत बसतात. तुमच्या गाडीखाली पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोट बाहेर काढून वजन करा, बाकी कशाला हात लावू नका.

रंगावरून आमची गिऱ्हाइकांशी सगळ्यात जास्त भांडणं होतात. सैन्याच्या गाडीला क्रोम नव्हतंच. नट-बोल्टांना काळपट फॉस्फेटचा थर आणि वरून ऑलिव्ह रंग, तोही चकचकीत नाही, लांबून चमकू नये म्हणून मुद्दाम मॅट. सुरुवातीला धंदा टिकवायचा म्हणून लोक म्हणतील तसं क्रोम करून दिलं, लग्नाच्या वरातीतल्या घोड्यासारख्या सजलेल्या गाड्या गेल्या इथून. आता काम चांगलं चाललंय म्हणून नाही म्हणायची ऐपत आली. क्रोम पाहिजे असेल तर सिव्हिलियन मॉडेल घ्या, ४२डब्ल्यूएलए नंबरच्या गाडीला मी क्रोम करणार नाही. बाय द वे, नंबर ४२ म्हणजे गाडी १९४२ चीच असं नसतं, अमेरिका युद्धात उतरल्यापासून युद्ध संपेपर्यंतच्या सगळ्या गाड्यांना ४२ चाच शिक्का मारलाय, त्यामुळे विकणारा वर्ष सांगून भाव चढवत असेल तर हसा आणि पुढे जा.

कागदपत्रं म्हणजे अजून एक डोकेदुखी. १९७० च्या आधी हार्ले फ्रेमवर नंबरच टाकत नसे, इंजिन नंबर हीच ओळख, आणि आपल्या फॉर्मात चेसिस नंबरचा रकाना. २०२१ ला विंटेज गाड्यांचा नियम आला, ५० वर्षांवरची आणि मूळ रूपातली गाडी असेल तर व्हीए सिरीजची प्लेट, नवीन नोंदणीला २० हजार, मुदत दहा वर्षं. धंद्यासाठी किंवा रोजच्या वापराला चालवायची नाही ही अट आहे, ती बरोबरच आहे. कागद नसलेली गाडी आम्ही खोलत पण नाही, हे आधी सांगून ठेवतो.

गाडी द्यायच्या आधी गिऱ्हाइकाला एक दिवस थांबवून घेतो, कारण चाळीस वर्षं बुलेट चालवलेला माणूसही हिच्यावर नवशिका. क्लच डाव्या पायात, गिअर टाकीच्या बाजूला डाव्या हाताने, तीनच गिअर, डावी मूठ पिळली की ठिणगी पडायची वेळ मागे-पुढे होते. पुढचा ब्रेकही डाव्या हातालाच, म्हणजे गिअर बदलताना पुढचा ब्रेक नाही असंच समजायचं. किक मारताना ठिणगी मागे घेतली नाही तर किक उलटी येते आणि घोटा सुजतो. आधी रंकाळ्याच्या बाजूला सकाळी सकाळी फिरवतो, मग पन्हाळा. चढ ती मजेत चढते, पण सपाट हेडची गाडी उन्हात तापते, मागचा सिलेंडर जास्त, म्हणून एप्रिलमध्ये वाटेतल्या वाघबीळला चहाला थांबणं सक्तीचं. उतारावर खालच्या गिअरमध्येच सोडायची, ब्रेकवर भरवसा ठेवला तर तुम्ही आणि तुमचं नशीब.

आता वडील रोज येत नाहीत, आले की टॅपेटचा आवाज ऐकून दोन शब्द सुनावतात. पोरं शिकून पुण्याला कंपनीत जातात, त्यांना दोष नाही, तिथे पीएफ आहे. दोघं टिकलेत, त्यातला एक फ्लायव्हील सेंटरिंग माझ्यापेक्षा चांगलं करतो, त्याला यावर्षी धंद्यात भागीदार करून घेतला.

गाडी आणायची असेल तर आधी फोटो पाठवा, इंजिन नंबरचा क्लोजअप आणि आरसी बुक दोन्ही. आणि रंगाचं काम करायचं असेल तर पावसाळ्याच्या आधी, जून ते सप्टेंबर आम्ही रंगाला हात लावत नाही, कोल्हापूरच्या पावसात रंग फुगतो आणि मग शिव्या आम्हालाच.